मर्ज केलेला डुप्लिकेट पेशंट नंबर परत परत उगवतोय? कारण कसं शोधायचं आणि कायमचं कसं बंद करायचं

प्रॉब्लेम असा. एकाच पेशंटचे दोन नंबर सापडतात, मेडिकल रेकॉर्डवाले दोन्ही फाइल्स तपासतात, मर्ज करतात म्हणजे एका नंबराखाली जोडतात, स्क्रीनवर एकच नंबर राहतो आणि सगळे पुढच्या कामाला लागतात. मग काही दिवसांनी तोच जुना नंबर कुठेतरी परत दिसतो, कधी लॅबच्या रिपोर्टवर, कधी एक्सरेच्या यादीत, कधी तर सरळ मेन सिस्टीममध्ये नवा पेशंट म्हणून. परत मर्ज करा, परत येतो. रेकॉर्डवाले म्हणतात आयटीचा घोळ, आयटीवाले म्हणतात काउंटरवर नीट शोधत नाहीत, सॉफ्टवेअरचा वेंडर म्हणतो आमच्याकडे सगळं बरोबर चाललंय.

आणि हे नुसतं यादी नीटनेटकी ठेवण्यापुरतं नाहीये. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी एका नंबरवर लिहिलीय आणि डॉक्टरांनी उघडलाय दुसरा, तर अ‍ॅलर्जीची जागा कोरी दिसते, आणि घाईत कोरं म्हणजे अ‍ॅलर्जी नाही असंच वाचलं जातं. सीटीला कॉन्ट्रास्ट द्यायचा का हे ठरवायला मागचं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) बघायचंय, ते दुसऱ्या नंबरवर पडलेलं असतं. त्यामुळे डुप्लिकेटची दुरुस्ती म्हणजे फावल्या वेळातली साफसफाई असं जिथे धरलं जातं तिथे मला खरंच काळजी वाटते.

माझं म्हणणं एवढंच आहे की मर्जचं बटण दाबलं तिथून अर्धं काम सुरू होतं. जुना नंबर एव्हाना लॅब, रेडिओलॉजी, बिलिंग, फार्मसी, अपॉइंटमेंट, मशीनच्या मेमरीत, फाइलीतल्या स्टिकरवर असा सगळीकडे पसरलेला असतो. त्याला नुसतं डिलीट करून चालत नाही, कारण तो नंबर घेऊन कोणीतरी दार ठोठावणारच आहे. घर बदलल्यावर जुन्या पत्त्यावरची पत्रं नव्या पत्त्यावर वळवतात तसं जुन्या नंबरावर आलेलं सगळं नव्यावर वळलं पाहिजे, आणि जुन्या नंबराने नवीन काही तयार होता कामा नये. या दोन्ही गोष्टी होतायत का, एवढंच शोधायचंय.

सगळ्यात आधी हे बघा: रेकॉर्ड कोणी तयार केलं

लोक बहुतेक वेळा थेट मॅचिंगचे, म्हणजे दोन नोंदी एकाच माणसाच्या का हे ठरवायचे, नियम बदलायला धावतात. थांबा. परत उगवलेलं एक रेकॉर्ड घ्या, एकच, आणि त्याचा ऑडिट लॉग उघडा. कोणत्या युजरने तयार केलं आणि किती वाजता, एवढं बघा. युजरच्या जागी माणसाचं लॉगिन असेल तर गडबड काउंटरवर किंवा वॉर्डात आहे. इंटरफेसचं, म्हणजे सिस्टीम एकमेकींना मेसेज पाठवतात त्या जोडणीचं, सर्व्हिस अकाउंट असेल तर गडबड सिस्टीम एकमेकींशी बोलतात तिथे आहे. आणि वेळ रोज रात्रीची ठरलेली असेल, समजा सगळी रेकॉर्डं दोन-अडीचच्या आसपासची, तर कुठलातरी बॅच जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, जुना डेटा आणून ओततोय. ही विभागणी केल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण तिन्हीचे उपाय पूर्ण वेगळे आहेत आणि चुकीच्या ठिकाणी खोदत बसलं की आठवडे जातात आणि माणसांमध्ये विनाकारण कटुता येते ती वेगळी.

इंटरफेसने तयार केलं असेल तर

इथे थोडं खोलात जाऊ, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त रेकॉर्डं इथूनच परत येतात आणि सगळ्यात कमी लोक इथे बघतात.

एचएल७ व्हर्जन २ (सिस्टीमनी एकमेकींना मेसेज पाठवायचं स्टँडर्ड) वापरणाऱ्या हॉस्पिटलमध्ये मर्जची बातमी एडीटी ए४० या मेसेजने बाकीच्यांना जाते. त्यात पीआयडी सेगमेंटमध्ये (मेसेजच्या एका भागात) जो नंबर टिकणार आहे तो असतो आणि एमआरजी सेगमेंटमध्ये जो संपणार आहे तो. पहिली तपासणी हीच करा, इंटरफेस इंजिनमधून, म्हणजे मेसेज इकडून तिकडे पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, खरा मेसेज काढा आणि डोळ्याने वाचा. हे दोन उलटे बसलेले असले तर मेन सिस्टीममध्ये एक नंबर जिवंत आणि लॅबमध्ये दुसरा जिवंत, मग लॅबचा प्रत्येक रिपोर्ट मेलेल्या नंबरावर येणार. जुन्या सिस्टीम ए४० ओळखतच नाहीत असंही असतं, त्यांना ए१८ किंवा ए३४ लागतो, आणि इंजिनमध्ये कोणीतरी पूर्वी कधी न ओळखलेले मेसेज गाळून टाकायचा फिल्टर लावून ठेवलेला असतो. एररही येत नाही, मेसेज गुपचूप गळतो.

मग उत्तराचा मेसेज. समोरच्या सिस्टीमने एए (मेसेज स्वीकारल्याची पोच) पाठवला म्हणजे मर्ज झालं असं समजू नका. कित्येक सिस्टीम मेसेज हातात पडला की लगेच एए पाठवून मोकळ्या होतात आणि आतलं काम नंतर करतात, आणि ते काम फसलं तर ते त्यांच्याच लॉगमध्ये पडून राहतं, तुमच्याकडे सगळं हिरवं. त्यामुळे इंजिनचा डॅशबोर्ड पुरावा म्हणून धरू नका. लॅबच्या स्क्रीनवर जाऊन जुना नंबर टाइप करा आणि काय उघडतं ते बघा, याला दुसरा पर्याय मला तरी माहीत नाही.

आता खरा गुन्हेगार. ए४० गेला, लॅबने मर्ज केलंही, पण मर्जच्या आधी घेतलेल्या सॅम्पलचा रिपोर्ट अजून यायचा होता, कल्चरसारख्या तपासणीला तर दिवस लागतात, आणि तो रिपोर्ट जुना नंबर घेऊन मेन सिस्टीमकडे आला. सिस्टीम शोधते, हा नंबर सापडत नाही, आणि रिझल्टच्या इंटरफेसवर 'पेशंट नसेल तर नवीन तयार कर' हे सेटिंग चालू आहे, झालं, जुना पेशंट पुन्हा जन्माला आला आणि आता त्याच्यावर एक रिपोर्टही लटकलाय जो डॉक्टरांना खऱ्या नंबरवर दिसणार नाही. मेसेज वेगवेगळ्या रांगांमधून जात असतील तरी हेच होतं, माहिती बदलल्याचा ए०८ एका रांगेत अडकून पडला, ए४० दुसऱ्या रांगेतून पुढे निघून गेला, आणि मागाहून पोचलेल्या ए०८ ने मेलेला पेशंट परत उभा केला.

उपाय दोन आणि दोन्ही लागतात. एक, मर्ज झालेल्या प्रत्येक नंबरची नोंद असलेला टेबल, जुना कुठला आणि आता कुठला, आणि येणारा प्रत्येक मेसेज आधी त्या टेबलातून जाईल. बऱ्याच सिस्टीममध्ये हे आधीच असतं पण फक्त स्क्रीनवरच्या सर्चला लावलेलं असतं, इंटरफेसला नाही, हे मुद्दाम विचारा. दोन, रिझल्टच्या मेसेजवरून नवीन पेशंट तयार करणं बंद. पेशंट सापडला नाही तर तो मेसेज बाजूला थांबला पाहिजे आणि ती थांबलेली यादी दिवसातून ठरलेल्या वेळी माणसाने बघितली पाहिजे. बघणाऱ्याचं नाव ठरवल्याशिवाय हे सेटिंग बदलू नका बरं का, नाहीतर डुप्लिकेट बंद होतील पण रिपोर्ट त्या यादीत कुजत पडतील आणि ते जास्त धोक्याचं आहे.

त्या टेबलबद्दल अजून एक गोष्ट. पहिला नंबर दुसऱ्यात मर्ज झाला आणि नंतर दुसरा तिसऱ्यात, तर पहिल्यावर आलेला मेसेज तिसऱ्यापर्यंत पोचला पाहिजे. एकच पायरी चढून थांबणाऱ्या सिस्टीम आहेत. आणि कोणीतरी उलट दिशेने मर्ज केल्यामुळे पहिला दुसऱ्याकडे आणि दुसरा पहिल्याकडे असा गोल झाला असेल तर काय वाटेल ते होऊ शकतं. असे गोल शोधणारी क्वेरी आठवड्याला एकदा चालवावी.

फायर (एचएल७चंच नवं स्टँडर्ड, एफएचआयआर) वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: संपलेल्या पेशंट रिसोर्सवर, म्हणजे पेशंटच्या नोंदीवर, अ‍ॅक्टिव्ह फॉल्स पाहिजे आणि लिंकचा प्रकार रिप्लेस्ड-बाय पाहिजे, टिकलेल्यावर रिप्लेसेस. लिंक भरलीय पण वाचणारं अ‍ॅप ती लिंक बघतच नाही हे इथे नेहमीचं, म्हणून अ‍ॅपच्या बाजूनेही तपासा.

रात्रीच्या जॉबचं निदान सोपं असतं. डेटा वेअरहाउस किंवा जुन्या सिस्टीममधून रोज पूर्ण यादी ओतणारा जॉब असेल तर तो जुन्या सिस्टीममध्ये न झालेलं मर्ज रोज पुसून टाकतो, तिथेही मर्ज करा किंवा त्या टेबलातून गाळून घ्या. आणि एक्सेल. कोणीतरी यादी एक्सेलमध्ये उघडली, नंबराच्या पुढची शून्यं उडाली, ००४५१७ चा ४५१७ झाला, तीच यादी परत अपलोड केली, आणि सिस्टीमच्या दृष्टीने हे सगळे नवे पेशंट. परत आलेल्या नंबरांमध्ये आकडे कमी दिसले की आधी इथे बघा. तसंच एकापेक्षा जास्त केंद्रं एकाच सिस्टीमवर असतील तर नंबर कोणत्या केंद्राने दिलाय हे नंबरासोबत गेलंच पाहिजे, पीआयडी ३ मध्ये (पेशंटच्या नंबराच्या रकान्यात) त्याला चौथा घटक राखून ठेवलेला आहे, तो रिकामा सोडला की दोन वेगळ्या माणसांचे सारखे नंबर एकमेकांवर आदळतात.

माणसाने तयार केलं असेल तर

लगेच काउंटरवरच्या मुलामुलींना धारेवर धरू नका. मागे रांग लागलीय, पेशंटला त्रास होतोय, नातेवाईक घाई करतायत, आणि सर्चचा स्क्रीन असा की पूर्ण नाव अचूक टाइप केल्याशिवाय काही सापडत नाही. अशा वेळी 'नवीन' दाबणं हाच लवकरचा रस्ता असतो. ज्या सिस्टीममध्ये शोधणं हे नवीन नोंदणीपेक्षा अवघड आहे तिथे डुप्लिकेट तयार होणारच, कितीही ट्रेनिंग द्या.

सर्च सुधारायचा तर अर्ध्या नावाने, जन्मतारखेने, फोनच्या शेवटच्या आकड्यांनी शोधता आलं पाहिजे, आणि मर्ज झालेल्या जुन्या नंबराने शोधलं तर सरळ नवा उघडला पाहिजे. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण पेशंटच्या हातात कार्ड जुनंच असतं. जुना नंबर टाकला, 'सापडला नाही' आलं, म्हणून नवीन केला, आणि अशा पद्धतीने मर्ज केलेला पेशंट तिसरा नंबर घेऊन परत येतो. कार्ड बदलून द्या, पण पेशंट जुनं कार्ड जपून ठेवतोच हे धरूनच सिस्टीम लावा.

नाव जुळवताना अक्षरशः तुलना करून चालत नाही. उच्चारावरून जुळवणारं साउंडेक्स फार जुनं आहे, त्याचं पेटंट १९१८ चं, इंग्रजी आडनावांसाठी बनवलेलं, त्यामुळे इतर भाषांतल्या नावांवर ते डोळे झाकून लावू नये. अक्षरांचा फरक मोजणाऱ्या पद्धती, लेव्हनश्टाइन किंवा जारो-विंकलर, जास्त कामाच्या. नाव देवनागरीत साठवत असाल तर तुलनेआधी युनिकोड एकसारखा करून घ्या, कारण डोळ्याला सारखंच दिसणारं नाव आत वेगवेगळ्या कोडचं असू शकतं, नुक्ता वेगळा टाइप केलेला, मध्ये न दिसणारा जॉइनर, शेवटी एक स्पेस. सिस्टीमला ती दोन वेगळी नावं.

वेगवेगळ्या गोष्टींना वेगळं वजन द्यायचं हे फेलेगी आणि संटर यांनी १९६९ साली नीट गणितात मांडलं आणि आजही मॅचिंग इंजिनांचा पाया बऱ्याच अंशी तोच आहे. लिंग जुळलं याला फारशी किंमत नाही, अर्धी माणसं तशीच जुळतात, पण जन्मतारीख पूर्ण जुळली याला मोठी. इथे एक सापळा आहे. जन्मतारीख माहीत नसली की १ जानेवारी टाकायची सवय, फोन नसला की सगळे ९ किंवा काउंटरचाच नंबर. मॅचिंग इंजिनला वाटतं वा, जन्मतारीख जुळली, फोन जुळला, एकच माणूस. अशा ठरीव किमती शोधून काढा आणि मॅचिंगमध्ये त्या रिकाम्या धरा, आणि स्क्रीनवर 'माहीत नाही' असा वेगळा पर्याय द्या म्हणजे लोकांना खोटं भरावं लागणार नाही. रिकाम्याशी रिकामं जुळलं याचे गुण शून्य.

जुळी भावंडं, एकाच घरातली माणसं एक फोन वापरणारी, लग्नानंतर बदललेलं आडनाव, नवजात बाळ ज्याचं नावच ठेवलेलं नाही, बेशुद्ध आलेला अनोळखी पेशंट, ही सगळी ठरलेली ठिकाणं. अनोळखी पेशंटला तात्पुरता नंबर द्यावाच लागतो, तो बरोबरच आहे, फक्त ओळख पटल्यावर तो कोण जोडणार हे ठरलेलं पाहिजे. सिस्टीम बंद असतानाच्या नोंदणीचंही तेच. बंद काळासाठी नंबरांचा एक वेगळा गठ्ठा आधीच राखून ठेवा आणि नंतर एन्ट्री करताना आधी सर्च सक्तीचा करा, नाहीतर प्रत्येक बंदनंतर डुप्लिकेटची लाट येते.

नंबर हाताने टाइप होत असेल तर शेवटी चेक डिजिट, म्हणजे बाकीच्या आकड्यांवरून काढलेला तपासणीचा आकडा, लावा. तो काढायची लूनची पद्धत एका आकड्याची कुठलीही चूक पकडते आणि शेजारचे दोन आकडे उलटे झाले तरी जवळजवळ सगळे पकडते, फक्त ०९ आणि ९० ची अदलाबदल सुटते.

कागद आणि मशीन

ही बाजू आयटीच्या लॉगमध्ये दिसत नाही म्हणून राहून जाते. फाइलीत जुन्या नंबराच्या स्टिकरचा उरलेला ताव पडलेला असतो, नर्स त्यातलं एक काढून सॅम्पलला लावते, तिचं काहीच चुकलेलं नसतं. मर्ज झालं की त्या दिवशीच जुने स्टिकर फाडून टाकायचे आणि पेशंट भरती असेल तर हातातला पट्टा बदलायचा, हे मर्जच्याच चेकलिस्टमध्ये घाला, वेगळ्या सर्क्युलरने होत नाही. डब्ल्यूएचओच्या २००७ च्या पेशंट ओळखीवरच्या सूचनेत किमान दोन ओळखी तपासा आणि खोली नंबर त्यात धरू नका असं म्हटलंय, ते इथे वाचवतं, कारण नंबर जुना असला तरी नाव आणि जन्मतारीख विचारली की गोष्ट उघडी पडते.

रेडिओलॉजीत मशीनच्या कन्सोलवर मागच्या पेशंटची यादी साठलेली असते. टेक्निशियनने वर्कलिस्टमधून (करायच्या तपासण्यांच्या यादीतून) न घेता तिथून जुनं नाव उचललं की नवा स्टडी जुन्या नंबराने पॅक्समध्ये, म्हणजे इमेज साठवणाऱ्या सिस्टीममध्ये, जातो. कन्सोलवरची जुनी यादी ठरावीक काळाने रिकामी करायला लावा. दुसरं म्हणजे पॅक्समध्ये मर्ज केलं तरी कित्येकदा फक्त डेटाबेसमधली नोंद बदलते, डायकॉम फाइलच्या (इमेजच्या फाइलच्या) आतला पेशंट आयडी, टॅग ००१०,००२०, तसाच राहतो. पुढे सीडी काढली, दुसऱ्या आर्काइव्हमध्ये हलवलं किंवा पॅक्स बदललं की जुना नंबर फाइलमधून बाहेर येतो. पॅक्सच्या वेंडरला थेट विचारा, बाहेर पाठवताना टॅग दुरुस्त होऊन जातो का. मायग्रेशनच्या आधी तर विचाराच.

मर्ज करायच्या आधी थांबायच्या जागा

डुप्लिकेटच्या वैतागात लोक भराभर मर्ज करायला लागतात आणि दोन वेगळी माणसं एक होतात. हे डुप्लिकेटपेक्षा वाईट. डुप्लिकेटमध्ये माहिती अपुरी असते, इथे ती दुसऱ्याची असते. दोन्हीकडे लॅबने तपासलेला रक्तगट आहे आणि तो वेगळा आहे, तर तिथेच थांबा, फोन करा, फाइल बघा. दोन्हीकडे एकाच वेळी चालू भरती असेल तर थांबा. एकीकडे मृत्यूची नोंद आणि दुसरीकडे नंतरची भेट असेल तर थांबा. मशीनने आपोआप मर्ज करणं मला फक्त तिथेच मान्य आहे जिथे पक्का ओळख क्रमांक, पूर्ण जन्मतारीख आणि नाव तिन्ही जुळतात, बाकी सगळं माणसाने बघूनच.

कारण उलटं करणं फार कठीण आहे. ए३७ हा मेसेज जोडलेली लिंक सोडवायला आहे, झालेलं मर्ज पूर्वीसारखं करायला नाही. मर्जनंतर आलेल्या नोंदी कोणाच्या हे सिस्टीम सांगू शकत नाही, एकेक भेट वाचून वेगळी करावी लागते. म्हणून मर्जच्या वेळी दोन्ही रेकॉर्डांची आधीची स्थिती, कोणी मर्ज केलं, कशाच्या आधारावर, हे साठवलंच पाहिजे.

दुरुस्ती झाली हे कसं कळणार

एक टेस्ट पेशंट घ्या, दोन नंबर द्या, जुन्या नंबरावर लॅबची ऑर्डर आणि एक्सरे टाका, दोन्ही पूर्ण व्हायच्या आत मर्ज करा, आणि मग रिपोर्ट सोडा. रिपोर्ट नव्या नंबरावर दिसला पाहिजे आणि जुना कुठेही उगवता कामा नये. अर्ध्यात अडकलेल्या ऑर्डरसकट टेस्ट करा, कारण रिकाम्या पेशंटवर मर्ज सगळीकडेच छान चालतं. लॅब, पॅक्स, फार्मसी, बिलिंग, प्रत्येकाच्या स्क्रीनवर जुना नंबर टाइप करून बघा. कुठलंही अपग्रेड झालं की हीच टेस्ट परत, इंटरफेसची सेटिंगं अपग्रेडमध्ये मूळपदावर जाऊ शकतात.

वेंडरला टिकीट टाकताना 'मर्ज चालत नाही' असं लिहू नका, ते बंद करून टाकतात. असं लिहा: अमुक वेळी ए४० पाठवला, हा मेसेज कंट्रोल आयडी (त्या मेसेजचा स्वतःचा नंबर), एए मिळाला, तरी तुमच्या स्क्रीनवर जुना नंबर अमुक वेळी चालू दिसतोय, त्यानंतर या कंट्रोल आयडीच्या रिझल्टने नवीन पेशंट तयार झाला. सोबत तिन्ही मेसेज पेशंटची नावं आणि माहिती काढून जोडा. आणि एकच प्रश्न विचारा, जुन्या नंबरावर येणारा रिझल्ट तुमची सिस्टीम नव्या नंबरावर वळवते का, हो की नाही, लेखी द्या. उत्तर 'नाही' असं आलं तर ते वळवणं इंटरफेस इंजिनमध्येच, त्या सिस्टीमच्या दाराशी बसवा आणि टेबल रोज मेन सिस्टीममधून ताजा करून घ्या.